त्रेचाळीस जुने कपॅसिटर

मास्तरांनी ऑर्गनचं झाकण लावलं त्याला परवा अकरा महिने झाले. मी मोजत नव्हते असं म्हणायला काय जातंय, पण मोजत होते. मिस्त्री आहे मी, मोजणं हा माझा धंदाच आहे.

मास्तर म्हणजे माझा नवरा. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा सगळे त्यांना मास्तर म्हणत होते म्हणून मीही म्हणाले. ते मला मिस्त्री म्हणाले. पुढे लग्न झालं, तरी ही नावं काही सुटली नाहीत. ऑर्गनही तोच आहे. विजेवर चालणारा, जुना, चार माणसांशिवाय हलत नाही असा. त्याच्या पोटात नाण्याएवढी एक्क्याण्णव पोलादी चाकं फिरतात, एकेक चाक एकेका सुराचं. सुरू करायचीसुद्धा पद्धत आहे. एक बटण आठ सेकंद दाबून धरायचं, चाकांनी वेग धरला की दुसरं दाबायचं. घाई केली तर अडून बसतो. शेजारी कमरेएवढी लाकडी पेटी, आणि तिच्या जाळीमागे गोल फिरणारा भोंगा. भोंगा हळू फिरला की सूर उसासे टाकतो, जोरात फिरला की थरथरतो.

हा ऑर्गन दर शनिवारी चौघांकडून उचलून नेऊन मास्तरांनी तीस वर्षं नाचाच्या हॉलमध्ये वाजवला. त्यांचा आवाज म्हणून एक आवाज होता. जरा धुरकट, जरा जाड. रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा म्हणायचा, आज मास्तर बसलेत वाटतं.

आणि मी त्याची वाट लावली.

झालं असं. गेल्या वर्षी मास्तर सारखे म्हणायला लागले, "मिस्त्री, वरचे सूर मंद झालेत गं. कुणीतरी वर चादर टाकल्यासारखे." मी ऐकलं. मला तसं काही वाटलं नाही, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो? तारा जोडणं, डाग देणं हे माझं काम, कान त्यांचे. बत्तीस वर्षं मी त्यांच्या कानावर विसंबून काम केलंय. मीटर सांगायचा सगळं ठीक आहे, मास्तर म्हणायचे नाही, आणि उघडून बघितलं की मास्तरांचंच खरं निघायचं. त्यामुळे ते म्हणाले मंद, म्हणजे मंद.

आता वरच्या सुरांसाठी या ऑर्गनमध्ये त्रेचाळीस कपॅसिटर असतात, मेणकागदाचे. बोटाच्या पेराएवढी, पिवळट नळकांडी. वय झालं की ती सुस्तावतात आणि वरचे सूर गिळायला लागतात. हे पुस्तकातलं उत्तर आहे आणि ते मला तोंडपाठ होतं. ऑर्गन घरीच ठेवून मास्तर बँडबरोबर अकरा दिवसांच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा मी ऑर्गनचं पाठचं फळकूट काढलं. प्रत्येक जुना कपॅसिटर मीटरवर मोजला, आकडा वहीत लिहिला, उपटला आणि नवा बसवला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. जेवायचं भान नव्हतं. जुने सगळे एका बिस्किटाच्या डब्यात भरले आणि डबा कचऱ्याच्या गाडीत दिला. 

दहाव्या दिवशी मी ऑर्गन सुरू केला आणि सगळ्यात वरचा सूर दाबला. काय लखलखीत! दात शिवशिवले माझे. मी एकटी हसत बसले होते खोलीत, वेड लागल्यासारखी.

मास्तर आले. बूटसुद्धा काढू दिले नाहीत मी त्यांना. "बसा, आधी बसा." ते बसले. आधी खालून वाजवत वर गेले, मग वरच्या सुरांवर थांबले. पुन्हा पुन्हा तेच चार-पाच सूर दाबत राहिले. मी शेजारी उभी, शाबासकीसाठी आसुसलेली. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाले, "छान. छान केलंस, मिस्त्री."

मग त्यांनी झाकण लावलं.

मला वाटलं, थकलेत. दुसऱ्या दिवशी झाकण तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी हॉलच्या मॅनेजरला सांगून टाकलं की बोटं दुखतात, आता जमणार नाही. बोटं दुखतात म्हणे! त्याच बोटांनी घट्ट बसलेली बरणीची झाकणं उघडून देत होते मला.

उलगडा केला तो ठोक्याने. ठोक्या म्हणजे मास्तरांचा ड्रमवाला, तीस वर्षांचा जोडीदार. तोंडाने आणि काठ्यांनी सारखाच फटकळ. तो एकदा भेटायला आला. मास्तर फिरायला गेले होते, म्हणून मी त्याला ऑर्गनवर दोन सूर वाजवून दाखवले. त्याने कपाळाला हात लावला.

"वहिनी, हा कुणाचा आवाज?"

"कुणाचा म्हणजे? नवे कपॅसिटर घातलेत."

"अहो, मी ड्रमवाला, माझे कान केव्हाच कामातून गेलेत. तरी मला कळतंय. हा मास्तरांचा आवाज नाही. हा दुकानातला आवाज आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी चिमूटभर मीठ मागितलं होतं आणि मी बरणी उपडी केली होती. सूर मंद झालेत म्हणजे दोन-चार कपॅसिटर बदल, एवढंच. मी एका दमात सगळं म्हातारपण उपटून फेकलं होतं, आणि त्या म्हातारपणातच त्यांचा आवाज होता. आणि तो भला माणूस मला एका शब्दाने बोलला नव्हता.

बोलला नव्हता, पण दाखवत होता. तेव्हापासून घरात जो अबोला सुरू झाला तो विचारू नका. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर उत्तर नाही. समोर जाऊन उभी राहिले की मान वर करायचे, "काय गं?" इतक्या गोडीने की राग यावा. एकदा किटली यांच्या शेजारीच शिट्टी मारत होती, पाणी आटून बूड काळं झालं, तरी हे खुर्चीत पेपर धरून बसलेले. मी ओरडले, "माझ्यावरचा राग किटलीवर कशाला काढता?" ते नुसते बघत राहिले माझ्याकडे. दारावरची घंटा वाजली तरी उठायचे नाहीत. मी मनात म्हणायचे, करा, करा शिक्षा. माझी लायकीच आहे ती.

जुने कपॅसिटर आता मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते दुसऱ्या कुणाच्या ऑर्गनमध्ये म्हातारे झालेले असणार. मी सगळे मार्ग बघून हात टेकले होते. अशात ठोक्याचा फोन आला.

"वहिनी, मोबाइलवर ऑर्गनचं ॲप आहे म्हणे. जुन्या ऑर्गनचा हुबेहूब आवाज काढतं."

मी म्हटलं, "मोबाइलमध्ये मी पीठसुद्धा मळू शकते म्हणे." पण उतरवून घेतलं.

पहिल्या दिवशी मागच्या खोलीत, माझ्या कामाच्या टेबलावर बसून वाजवलं. हसू आलं आणि रडूही. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून डास ऑर्गन वाजवतोय असं वाटत होतं. पडद्यावर नऊ दांड्या, जशा आमच्या ऑर्गनला ओढायला असतात तशाच. खाली बटणं: बोटाखालची किल्ली दाबताना होणारी टक्‌टक् किती हवी, एका चाकाचा सूर शेजाऱ्यात किती झिरपावा, भोंगा किती जोरात फिरावा, आणि शेवटची पट्टी, वय. हो, वयाची पट्टी! एका टोकाला नवा, दुसऱ्या टोकाला जुना. जे मी दहा दिवस खपून नासवलं, ते इथे बोटाने सरकवायचं होतं.

मी पट्टी थेट जुन्याच्या टोकाला नेली. आवाज असा आला जसा नाटकात पोरगा केसांना पांढरी पावडर लावून म्हातारा होतो. सगळंच खोकतंय, सगळंच कण्हतंय. खरं म्हातारपण असं नसतं. खऱ्या म्हाताऱ्याचा गुडघा जातो, पण दात शाबूत असतात.

हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली. बिनतारी स्पीकर लावला तर किल्ली आधी दबायची आणि सूर मागाहून यायचा, तेव्हा ते बाद. तार आणून फोन थेट आमच्या लाकडी पेटीला जोडला. मग ॲपमधला खोटा भोंगा बंद केला, कारण खरा भोंगा समोर फिरत होता. दोन्ही चालू ठेवले की घेरी आल्यासारखा आवाज व्हायचा. छोटा कीबोर्ड ठोक्याने दिला. त्याच्याच फोनमध्ये हॉलमधलं एक जुनं रेकॉर्डिंगही निघालं. त्यात सगळा ठोक्याच वाजत होता, पण मध्ये कुठेतरी त्याची काठी हातातून निसटली होती आणि ती शोधेपर्यंत चार सेकंद मास्तर एकटे ऐकू येत होते. ते चार सेकंद मी किती हजार वेळा ऐकले असतील देव जाणे. मास्तर रोज चारला फिरायला जायचे ते सहाला यायचे. तेवढे दोन तास माझे.

आवाज जवळ यायला लागला, पण शेजारच्या घरापर्यंतच. आपल्या दारात काही येईना. एक दिवस मी ॲपच्या आत आत शिरत गेले, तर तिथे प्रत्येक चाकाचं वय वेगळं ठेवायची सोय सापडली. एकेका सुरासाठी एकेक पट्टी. मी उठले आणि फडताळातली वही काढली.

मोजल्याशिवाय काही उपटायचं नाही, ही माझी जन्माची खोड. वहीत त्रेचाळीस ओळी होत्या. अमुक सुराचा कपॅसिटर किती सुस्तावला होता, तमुकाचा किती. एकोणिसावा जवळजवळ मेलेला. सव्विसावा नव्यासारखा टणटणीत. मी एकेक आकडा बघून एकेक पट्टी सरकवली. नऊ दिवस गेले त्यात. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी रेकॉर्डिंगच्या त्या चार सेकंदांतला सूरसमूह दाबला.

तो आला. धुरकट, जाड, एका कडेला किंचित फाटलेला. मी दाबलेली बोटं उचलेना. मला वाटलं, मागून मास्तर येऊन म्हणतील, सरक जरा. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. अकरा महिन्यांचं साठलेलं होतं.

तो आवाज ॲपमध्ये नाव देऊन जपून ठेवला. ठोक्याला घरच्या लँडलाइनवरून ऐकवला. तो बराच वेळ गप्प, जे त्याच्या बाबतीत कधी घडत नाही. मग म्हणाला, "वहिनी, जिंकलात. उद्याच वाजवायला बसवा त्यांना. मी शनिवारी हॉलमध्ये सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑर्गनच्या बंद झाकणावर कीबोर्ड मांडला, फोन लावला, पेटी सुरू केली. भोंगा हळू फिरायला लागला. मास्तरांना हाताला धरून आणलं. ते कीबोर्ड बघून, फोन बघून माझ्याकडे बघायला लागले.

"हे काय आणखी?"

"बसा. काही विचारू नका. माझ्याकडून चूक झाली होती, ती मी निस्तरलीय. आता बसा."

ते बसले. त्यांनी बोटं किल्ल्यांवर ठेवली आणि तेवढ्यात फोन वाजायला लागला. ठोक्या! वाजलं का म्हणून विचारायला, दुसरं काय. मी चरफडत फोन कापला. ॲप पुन्हा पडद्यावर आलं. मी मास्तरांना मान हलवून खूण केली.

पहिला सूरसमूह वाजला. आवाज लखलखीत होता. काचेसारखा, कोरा करकरीत, दुकानातला. फोन आला तेव्हा ॲप बंद पडून मुळापासून सुरू झालं होतं आणि सगळ्या पट्ट्या नव्याच्या टोकाला जाऊन बसल्या होत्या. मी थांबवायला हात पुढे केला.

पण मास्तर माझ्या तोंडाकडेच बघत होते. अकरा महिन्यांत पहिल्यांदा ते हसले. वाजवत वाजवत म्हणाले, "हाच. हाच तो, मिस्त्री. अगदी माझा आवाज."

मी हात मागे घेतला. म्हटलं, मन राखतायत माझं. मी पडद्यावर माझा जपून ठेवलेला आवाज लावला, तो खरा, त्रेचाळीस आकड्यांचा. "आता वाजवा."

त्यांनी वाजवलं. खोलीतली हवाच बदलली. ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही कळलं असतं. मास्तरांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. चेहरा तोच, हसू तेच. "हाही तोच की. तू... तू काही बदललंस का?"

ते किल्ल्यांकडे बघत नव्हते, भोंग्याकडे बघत नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते. आणि एकदम मला किटली आठवली. दारावरची घंटा आठवली. स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका आठवल्या.

मी पुन्हा नवा आवाज लावला. त्यांच्या मागून हात घालून सगळ्यात वरची किल्ली दाबली आणि दाबून धरली. त्या सुराने माझे दात शिवशिवले. खिडकीची सैल काच किणकिणायला लागली. मास्तर मांडीवर हात ठेवून शांत बसले होते, वाट बघत. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवून विचारलं, "सुरू केलंस का?"

मी किल्ली सोडली. खाली जमिनीवरच बसले, त्यांच्या पायाशी, त्यांना माझं तोंड दिसेल अशी.

"कधीपासून?"

त्यांनी सोंग आणलं नाही. "कळलं तुझ्या दुरुस्तीच्या दिवशी," ते म्हणाले. "त्याआधी मला वाटत होतं ऑर्गनच म्हातारा झालाय. तू सगळं नवं घातलंस. मला माहीत आहे तुझं काम. तू हात लावलास म्हणजे वरचे सूर परत येणारच. मी बसलो, वाजवलं, आणि ते आले नाहीत. तू शेजारी उभी होतीस, इतकी आनंदात. तुझ्या तोंडावरून दिसत होतं की ते आलेत. फक्त मला आले नव्हते."

"आणि मला वाटत होतं मी तुमचा आवाज मारला. अकरा महिने, मास्तर! अकरा महिने मी स्वतःला शिव्या घालतेय. बोलायचं नाही का एका शब्दाने?"

"काय बोलणार? तू मिस्त्री. तू मलाच उघडून बसली असतीस." ते हसायला गेले, जमलं नाही. "डॉक्टरांना दाखवून आलोय मी कान. फिरायला जातो म्हणून जायचो. आत जे मेलंय ते मेलंय म्हणाले. कानाचं यंत्र घालून बघितलं. त्यात माणसांचं बोलणं कळतं, पण सुरांचा नुसता पत्रा होतो. तिथेच टेबलावर ठेवून आलो."

 दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं माझ्यासमोर. ऑर्गन चांगला होता. नवे कपॅसिटर चांगले होते. फोनमधला आवाज तर इतका खरा झाला होता की तीस वर्षांचा जोडीदार गप्प झाला. तो आवाज सबंध जगात ज्या एका माणसासाठी केला होता, त्याच्यापर्यंत जायला वाटच उरली नव्हती. आणि जी उरलेली वाट होती, रोज त्यांच्याशी समोर बसून बोलायची, ती मी रागाच्या समजुतीत अकरा महिने वाया घालवली होती.

"दोन आवाज लावलेस ना आत्ता?" मास्तरांनी विचारलं. "खूप फरक आहे दोघांत?"

"नाही," मी म्हणाले. "थोडासाच."

त्यांनी माझे ओठ नीट वाचले आणि मान हलवली. विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. जाळीमागे भोंगा गोल गोल फिरत होता. मास्तर त्याच्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"बंद कर आता, मिस्त्री," ते म्हणाले. "किती वेळ वाजतंय. शेजाऱ्यांना त्रास होईल."

खोलीत कसलाच आवाज नव्हता. मी उठले आणि पेटीचं बटण बंद केलं.